कोटाबाहेरची चर्च

वसईच्या कोटात एकेकाळी अर्ध्या डझनाहून जास्त चर्च होती. मातृचर्च सेंट जोसेफचे. त्याशिवाय येशूसंघीयांचे एक, फ्रान्सिस्कनांचे एक, डॉमिनिकनांचे एक, ऑगस्टिनियनांचे एक, शिवाय इस्पितळाची आणि धर्मादाय मंडळाची प्रार्थनामंदिरे. आज तिथे भिंती आहेत, कमानी आहेत, मनोरे आहेत. नित्याची मिस्सा मात्र एकाही ठिकाणी होत नाही. कोटातून बाहेर पडून पापडी, सांडोर, माणिकपूर, पाली, नंदाखाल, आगाशी या वाटेने निघा. भाजीपाल्याच्या आणि केळीच्या वाड्यांमध्ये जी चर्च लागतात ती सगळी चालती आहेत. रोज घंटा वाजते, रविवारी अंगणात दुचाक्यांना जागा पुरत नाही.

आमच्या धर्मग्रामांचा (पॅरिशांचा) इतिहास लिहायला बसले की पहिले अडखळणे इथेच होते. सरदारांनी, कप्तानांनी, मोठ्या संघांनी जे बांधले ते गेले. बागायतदार, मिठागरवाले, कोळी आणि सुतार यांच्या वाट्याला जे आले ते राहिले. असे का झाले हे सांगता आले तर चारशे-साडेचारशे वर्षांचा बराचसा इतिहास सांगून होतो.

सुरुवात राजकारणाने झाली. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने हुमायूनच्या भीतीने पोर्तुगीजांशी तह केला आणि वसई, तिच्या ताब्यातली बेटे आणि बंदरे त्यांना देऊन टाकली. तलवारीमागून धर्मोपदेशक आले. फ्रान्सिस्कन अंतोनियो दो पोर्तो याने वसई आणि साष्टीत चर्चमागून चर्च उभारली. संत फ्रान्सिस झेवियर वसईला येऊन गेले आणि १५४८-४९ च्या सुमारास येशूसंघीयांचे काम इथे सुरू झाले. त्यांच्या विद्यालयात पोर्तुगीज मुलांबरोबर इथली मुलेही शिकत.

स्मरणिकेत या काळाबद्दल लिहिताना लेखणी गुळगुळीत करण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. या प्रदेशात देवळे पाडली गेली, देवळांची उत्पन्ने चर्चच्या संस्थांकडे वळवली गेली. मंडपेश्वरच्या लेण्यात तर शिवाच्या गाभाऱ्यालगतच ख्रिस्ती वेदी मांडली गेली. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन आले, त्याची माणसे वसईतही होती. काहींनी मनापासून धर्म स्वीकारला, काहींनी जमिनी राखण्यासाठी, काहींनी गावाने स्वीकारला म्हणून. कोणी कशासाठी, याची वही कोणी ठेवलेली नाही. आणि ज्या पूर्वजांनी तो स्वीकारला त्यांना ‘जबरदस्तीचे’ किंवा ‘पोटार्थी’ म्हणण्याचा अधिकार त्यांच्या वंशजांखेरीज इतरांना का मिळावा, हेही आम्हांला कळत नाही.

१६३४ मध्ये अंतोनियो बोकारो याने वसई शहराचे वर्णन केले आहे. पोर्तुगीजांची चारशे कुटुंबे, इथल्या ख्रिस्ती लोकांची दोनशे आणि गुलाम अठराशे. कोटातली वसई अशी होती. पोर्तुगीज सरदार पालखीतून मिस्सेला जात, मेल्यावर चर्चच्या जमिनीत पुरले जात. फ्रान्सिस्कनांच्या सेंट अँथनी चर्चमध्ये ते दगड आजही पायांखाली येतात. त्यांवर घराण्यांची ढाल-मुकुटाची चिन्हे आहेत, लॅटिन-पोर्तुगीज अक्षरे आहेत, आणि पावसाळ्यात त्या अक्षरांत शेवाळ इतके भरते की नाव वाचायला दगडावर बोट फिरवावे लागते. त्यातले एकही घराणे आज वसईत नाही.

कोटाबाहेर दुसरीच वसई होती. नोंदींप्रमाणे सांडोरचे सेंट थॉमस चर्च १५६६ चे, नंदाखालचे पवित्र आत्म्याचे १५७३ चे, पापडीचे कृपामातेचे १५७४ चे आणि माणिकपूरचे सेंट मायकल १६०६ चे. म्हणजे पन्नास वर्षांच्या आत वाड्यावाड्यांतून धर्मग्राम उभे राहिले. इथे बाप्तिस्मा गावागावाने झाला आणि म्हणूनच गाव तसेच राहिले. सामवेदी सामवेदीच राहिले, वाडवळ वाडवळच, कोळी कोळीच. सोयरीक आपापल्यातच. सामवेद्यांची कादोडी आणि वाडवळांची वाडवळी बोली घरात तशीच चालू राहिली. स्त्रियांचे लुगडे, लग्नातली गाणी, विहिरीवरचा रहाट, पानवेलीचा मळा यांपैकी काहीच बदलले नाही. जातीच्या भिंती टिकल्या ही या कथेतली अभिमानाची बाब नव्हे, पण भाषा टिकली ही नक्कीच आहे. १६५९ मध्ये फ्रान्सिस्को वाझ द गिमारांइश या फ्रान्सिस्कनाचे ख्रिस्ताच्या दुःखसहनावरचे पुराण लिस्बनला छापले गेले. अक्षरे रोमन आणि भाषा या किनाऱ्याची मराठी. उपवासकाळात साष्टी-वसईच्या घरांतून ते गायले जाई. पोर्तुगीज राजवटीत पोर्तुगीज व्रतस्थाला लोकांपर्यंत जायला ओवीच धरावी लागली.

याच मातीतून संत गोन्सालो गार्सिया निघाले. १५५७ च्या सुमाराचा जन्म, वडील पोर्तुगीज आणि आई इथली. येशूसंघीयांकडे शिकून ते त्यांच्याबरोबरच जपानला गेले, तिथली भाषा उत्तम शिकले, पुढे व्यापारही केला. मनिलामध्ये फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू म्हणून त्यांना घेतले गेले. १५९३ मध्ये मनिलाहून जपानला जे शिष्टमंडळ गेले त्यात दुभाष्या म्हणून तेच होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला २६ जणांना क्रुसावर देण्यात आले, त्यांत ते एक. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संत घोषित केले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. धर्मगुरू होण्याचा मान त्यांना कधीच मिळाला नाही, ते अखेरपर्यंत धर्मबंधूच होते, हे वसईच्या प्रापंचिकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मग १७३९ आले. चिमाजी अप्पांची मोहीम दोन वर्षे चालली होती. मे महिन्यात वसई पडली. शरणागतीच्या अटी सन्मानाच्या होत्या. शिबंदी हत्यारांसह, निशाण फडकावत बाहेर पडली. जे जहाजात बसू शकत होते ते गोव्याला गेले. सरदार गेले, व्रतस्थ गेले, चर्चमधली चांदी-मूर्ती नेता आल्या तेवढ्या गेल्या. घंटा तेवढ्या मागे राहिल्या, त्या विजेत्यांनी नेल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर लटकणारी प्रचंड घंटा १७२१ ची आहे. भीमाशंकरला एक आहे, वाईजवळ मेणवलीला एक आहे. नाशिककर त्या घंटेपर्यंत पाणी आले की पूर किती ते ठरवतात. आमच्यातले काही लोक त्या घंटा परत मिळाव्यात म्हणतात. आम्हांला तसे वाटत नाही. पावणेतीनशे वर्षे ज्या गावात त्या वाजल्या त्या गावच्याच त्या आता झाल्या, आणि देवळांचा हिशेब आधी आपल्याला द्यावा लागेल.

ज्यांची जमीन इथे होती, विहीर इथे होती, ते जहाजात बसले नाहीत. पुढची ऐंशी वर्षे त्यांची. राजा बदलला, संघ निघून गेले. १७५९ मध्ये पोर्तुगालने येशूसंघीयांना आपल्या मुलखातून हाकलले, १८३४-३५ मध्ये उरलेले पुरुषसंघही बरखास्त केले, त्यामुळे कोटातली ती मठमंदिरे पुन्हा उघडायला कोणी येणारच नव्हते. वसईचे सरसुभेदार शंकराजी केशव फडके यांनी निर्मळचे आणि वज्रेश्वरीचे देऊळ उभे केले. काही ख्रिस्ती कुटुंबे प्रायश्चित्त घेऊन पुन्हा हिंदू झाली, आणि त्यात नवल ते काय? पण मोठा भाग राहिला. गोव्याहून कोकणी बोलणारे, पोर्तुगीज शिकलेले धर्मगुरू येत, एकेकाकडे दोन-दोन तीन-तीन धर्मग्राम असत. पडलेल्या चर्चच्या जागी गवताचे, कौलाचे छप्पर घालून मिस्सा होई. मराठ्यांनी ख्रिस्ती धर्म बुडवला असे अजूनही कुठे कुठे लिहिले जाते. १७६० च्या सुमारास साष्टीतून गेलेला फ्रेंच प्रवासी आंकेतिल द्यु पेराँ मात्र सांगतो की मराठ्यांच्या अमलात चर्च उघडी होती, गोव्याचे धर्मगुरू होते, हजारो लोक सणाला जमले होते आणि बघायला आलेले मराठेही अदबीने उभे होते. दोन्ही गोष्टी खऱ्या. शिपायांनी चर्च लुटली आणि सुभेदारांनी मिस्सा चालू दिली.

१७८० मध्ये इंग्रज सेनापती गॉडर्ड याने वसई घेतली, सालबाईच्या तहाने ती परत गेली, १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने याच गावात इंग्रजांशी तह करून पेशवाईच बांधून दिली, आणि १८१८ पर्यंत सगळे कंपनीचे झाले. धर्मग्रामांच्या दृष्टीने यातून एकच फरक पडला: बांधकामाला पैसा आणि परवानगी मिळू लागली. आज जी चर्च दिसतात त्यांतल्या बहुतेकांची सध्याची रुंदी-उंची एकोणिसाव्या शतकातली आणि त्यानंतरची आहे. निर्मळचे पवित्र क्रुसाचे चर्च १८५६ चे. त्याच निर्मळला कार्तिकात शंकराचार्यांच्या समाधीची जत्रा भरते आणि आमची माणसे तिथे सुकेळी, ऊस, मातीची भांडी, सुकी मासळी घेण्या-विकण्याला पूर्वापार जातात. जत्रा चुकवणारे ख्रिस्ती घर निर्मळ परिसरात शोधून काढावे लागेल.

एकोणिसाव्या शतकातला दुसरा प्रकार म्हणजे अधिकाराचे भांडण. मुंबईत गोव्याचे धर्मगुरू की रोमने पाठवलेले, म्हणजे पाद्रोआदो की प्रोपागांडा, यावरून चर्चची दारे फोडण्यापर्यंत मजल गेली. वसई गोव्याच्या बाजूला राहिली. १८८६ मध्ये दमण धर्मप्रांत निर्माण झाला आणि वसईचे धर्मग्राम त्याच्याखाली गेले. १९२८ मध्ये तो धर्मप्रांत मोडला आणि वसई मुंबई महाधर्मप्रांतात आली. सामान्य माणसाला यातले किती कळत असेल? त्याला फादर मिळाला, सणाची मिस्सा झाली, पोराचा बाप्तिस्मा झाला की पुरे.

तो बाप्तिस्मा नोंदवहीत जायचा आणि त्या वह्या हीच आमची खरी बखर आहे. जुन्या वह्यांची भाषा पोर्तुगीज आहे. तारीख, मुलाचे नाव, आईबापांची नावे, आळी, धर्ममातापिता, खाली फादरची लफ्फेदार सही. कागद तपकिरी, शाई गंजल्यासारखी, कडांना वाळवीने केलेली नक्षी. लॅटिन वळणाची नावे कागदावर, आणि घरात त्याच माणसाला बस्त्याव, इनास, पास्कोल, कैतान म्हणून हाक. आडनावे परेरा, लोपीस, तुस्कानो, मच्याडो, घोन्सालविस, रुमाव. बाहेरच्यांना ती ऐकून आमच्यात पोर्तुगीज रक्त असावे असे वाटते. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे नाहीतर फादरचे आडनाव लागले, इतकेच. रक्त सामवेद्यांचे, वाडवळांचे, कोळ्यांचे.

विसाव्या शतकात धर्मग्रामाचा अर्थच मोठा झाला, आणि त्याला कारण झाले कर्ज. १८६७ मध्ये विरारहून मुंबईला गाडी सुरू झाली होती. केळी, पान, फुले, भाजी यांना मुंबईची बाजारपेठ मिळाली, पण पाटाला पाणी, बैल, खत, लग्न, आजारपण या सगळ्यांसाठी शेतकरी सावकाराच्या दारातच होता. बागायत हे रोख पैशाचे शेत. एक पीक बुडाले की वाडी गहाण पडायची. मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी प्रापंचिकांना हाताशी धरून १९१८ मध्ये पापडीला सहकारी पतसंस्था काढली. तीच आजची बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक. धर्मगुरूने पुलपिटवरून सावकारीविरुद्ध प्रवचन करणे सोपे. त्याने भागभांडवल गोळा करून, जामीनदार बसवून, हप्ते वसूल करून दाखवले. वेळेवर हप्ता न भरणाऱ्याला रविवारी मिस्सेनंतर फादरच्या डोळ्याला डोळा द्यावा लागे. सहकारी चळवळीच्या पुस्तकांत वसुलीची ही पद्धत सापडायची नाही. आमच्या मते १७३९ नंतर वसईच्या ख्रिस्ती समाजाच्या आयुष्यात इतकी मोठी घटना दुसरी नाही. वाड्या हातात राहिल्या म्हणून धर्मग्राम राहिले.

शाळा प्रत्येक धर्मग्रामाने काढल्या. बहुतेक मराठी माध्यमाच्या, आणि त्यांत सर्व जातिधर्मांची मुले. सांडोरला कार्डिनल ग्रेशस यांच्या नावाचे रुग्णालय उभे राहिले. त्यांच्या तपशिलात इथे जात नाही.

मिशनचे मात्र थांबून सांगितले पाहिजे. चारशे वर्षे वसई हीच ‘मिशन’ होती; लिस्बनहून, गोव्याहून माणसे येत. विसाव्या शतकात वसईची मुले-मुली धर्मगुरू आणि सिस्टर होऊन बाहेर जाऊ लागली. वसईच्या उत्तरेला आणि पूर्वेला वारली, कोकणा, कातकरी, ठाकर यांचा मुलूख. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा. तिथे लग्नासाठी घेतलेल्या थोडक्या रुपयांपोटी नवरा-बायको दोघेही सावकाराकडे लग्नगडी म्हणून वर्षानुवर्षे राबत. १९४५ मध्ये तलासरीच्या झरी गावात कम्युनिस्ट नेत्या गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ बंद केली. पुढे त्याच तलासरीत येशूसंघीयांचे ज्ञानमाता सदन उभे राहिले. लाल बावटा एकीकडे, मिशनचे बोर्डिंग दुसरीकडे, आणि पोर एकच, सकाळी शाळेत आणि सुट्टीत बापाबरोबर मोर्चात. दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना हे रुचत नसे, पण आदिवासी आईबापांना त्यात काही विसंगत वाटले नाही.

बोर्डिंगचे काम म्हणजे आधी पोट भरणे. पावसाळा संपता संपता घरचे धान्य संपलेले असते, भातकापणी झाली की कुटुंब वीटभट्टीवर किंवा रेती उपसायला निघते, पोर बरोबर गेले की शाळा सुटली. ते पोर जून ते एप्रिल एका जागी ठेवायचे, दोन वेळा जेवू घालायचे, खरूज आणि मलेरिया बघायचा, मग बाराखडी. या मिशनांवर धर्मांतराचा आरोप होत आला आहे आणि चौकशाही मागितल्या गेल्या आहेत. आमचे म्हणणे साधे आहे. सोळाव्या शतकात जे झाले त्याची आठवण असलेल्या समाजाने या बाबतीत इतरांपेक्षा जास्त जपून चालले पाहिजे, आणि बोर्डिंगच्या ताटाला कुठलीही अट असता कामा नये. किनाऱ्यावरच्या सधन धर्मग्रामांनी या डोंगराळ केंद्रांना नाताळात कपडे आणि तांदूळ पाठवण्याची रीत पाडली आहे. ती चांगली आहे, पण पुरेशी नाही. पाठवायला माणसे हवीत, आणि वसईत धर्मगुरू होणाऱ्या मुलांची संख्या आता पूर्वीसारखी राहिलेली नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) लॅटिन मिस्सा मराठीत आली. १९६४ च्या अखेरीस मुंबईला जागतिक युखरिस्ट काँग्रेससाठी पोप सहावे पॉल आले, तेव्हा वसईतून माणसे लोकल भरभरून गेली होती. मराठी उपासनेमुळे एक अडचण सुटली आणि दुसरी उभी राहिली. प्रमाण मराठी ही कादोडी बोलणाऱ्या आजीला लॅटिनइतकी नसली तरी परकीच होती. प्रमाण मराठीची सवय लावण्याचे काम ‘सुवार्ता’ मासिकाने केले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८३ पासून जवळजवळ पाव शतक त्याचे संपादक होते. नंदाखालचा हा धर्मगुरू. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. पण वसईला ते आठवतात ते हरित वसई संरक्षण समितीसाठी. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस शहर विरारकडून सरकू लागले, विहिरींचे पाणी टँकरने उपसून विकले जाऊ लागले, वाड्यांवर इमारतींचे नकाशे पडले. तेव्हा झगा घातलेला हा माणूस मोर्चाच्या पुढे चालला, धमक्या आल्या तरी चालला. धर्मगुरूने वेदीपाशीच राहावे, असे म्हणणारे आमच्यातही होते. १९१८ विसरलेले लोक ते.

२२ मे १९९८ रोजी वसई स्वतंत्र धर्मप्रांत झाला. पापडीचे कृपामातेचे चर्च हे त्याचे कॅथेड्रल. पहिले बिशप थॉमस डाबरे हे भुईगावचे. त्यांनी पीएचडी केली ती संत तुकारामांच्या ईश्वरानुभवावर. २००९ मध्ये ते पुण्याला गेले, त्यांच्यानंतर वसईचेच आर्चबिशप फेलिक्स मच्याडो आले, आणि २०२४ पासून बिशप थॉमस डिसोजा आहेत. आतापर्यंत या जागेवर तिन्ही वेळा मराठी माणूस बसला.

धर्मप्रांताच्या स्थापनेनंतरच्या काळात सर्वांत मोठा बदल रेल्वेरुळाच्या दोन्ही बाजूंना झाला आहे. वसई रोड, नालासोपारा, विरार इथल्या सदनिकांत मंगळुरी, गोवेकर, मल्याळी, तमिळ कॅथलिक कुटुंबे राहायला आली. त्यांना मिस्सा इंग्रजीत, कोकणीत किंवा हिंदीत हवी असते, आणि काही ठिकाणी त्यांची संख्या जुन्या गावकऱ्यांपेक्षा जास्त आहे. धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत रविवारच्या सकाळची आठची वेळ कोणत्या भाषेला द्यायची यावर तासभर वाद होतो. जुने म्हणतात, हे चर्च आमच्या आज्या-पणज्यांनी डोक्यावर माती वाहून बांधले. नवे म्हणतात, वर्गणी आम्हीही देतो. तिकडे गावकऱ्यांची स्वतःची मुले इंग्रजी माध्यमात शिकून इंग्रजी मिस्सेच्या बाकांवर बसू लागली आहेत, त्यामुळे या वादात कोण कोणत्या बाजूला हे सांगणेही अवघड झाले आहे. सध्या बहुतेक ठिकाणी तोडगा वेळापत्रकाचा आहे: सहाला मराठी, आठला इंग्रजी, संध्याकाळची पुन्हा मराठी, आणि सणाच्या दिवशी सगळ्यांची एकत्र, मराठीत.